सगळ्यात खालची पायरी

१

पायरी मोडली तेव्हा घोषणाबाई अर्ध्या वाक्यात होत्या.

"खिडकीत बसून वाट बघणारी मी नव्हे," असं म्हणत त्यांनी शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर पाय टेकला. काडकन आवाज झाला, लांब झगा पायांत आला आणि बाई पाठीवर कोसळल्या. उजवा पाय घोट्यात मुडपला होता.

नाटकाचे नायक, म्हणजे गावातले दातांचे डॉक्टर, आपले कुरकुरणारे गुडघे विसरून त्यांच्याजवळ बसले. समोरच्या खुर्च्यांतून सर धावत आले. रंगभूषेच्या खोलीतून डॉक्टरांची लेक पफ हातात घेऊन बाहेर आली आणि दारातच थबकली.

"काकू, तुम्ही? तुम्ही कशा पडलात?"

"हौस म्हणून," घोषणाबाई दात आवळून म्हणाल्या. "हात द्या कुणीतरी."

दरवर्षी वर्षाखेरीच्या सुट्ट्यांत गावातलं हौशी नाट्यमंडळ एक जुनं नाटक करायचं. यंदाचं नाटक शंभरेक वर्षांपूर्वीचं, प्रेमाचं आणि विनोदी. एका बोलघेवड्या मुलीवर जीव जडलेला तरुण बहिरेपणाचं सोंग घेतो. याला काही ऐकू येत नाही, या भरवशावर ती त्याच्यासमोर मन मोकळं करत राहते. शेवटी तो शिडी चढून तिच्या खिडकीशी येतो आणि सांगतो, की मी सगळं ऐकत होतो. नाटकातली मुलगी विशीतली, मुलगा पंचविशीतला.

यंदा दिग्दर्शक सरांनी, जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेल्या माणसानं, नकाशाच उलटा टांगला. नायिका म्हणून त्यांनी घोषणाबाईंना घेतलं. बस स्थानकावर गाड्यांच्या घोषणा करण्यात या बाईंचं आयुष्य गेलं होतं, आता साठी उलटली होती. नायक म्हणून डॉक्टरांना घेतलं. दोघांचेही जोडीदार वारलेले. तालमी रंगात आल्या तशी या दोघांनी आपापल्या घरी सांगूनही टाकलं, की नाटक झाल्यावर आम्ही खरंच लग्न करणार आहोत.

गावाच्या हातात आयतं कोलीत आलं. केशकर्तनालयात, भाजीच्या दुकानात, बँकेच्या रांगेत एकच विषय. हॉलबाहेरच्या फलकावर नायिकेच्या चित्राला कुणीतरी काठी काढून दिली. घोषणाबाईंनी ती पुसू दिली नाही. "राहू दे. लागली तर वापरीन," म्हणाल्या.

आता त्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि घोटा डोळ्यांदेखत टम्म फुगत होता. सगळे त्यांच्याभोवती असताना एक बाई मात्र शिडीपाशी वाकली होती. विंगेत बसून विसरलेले संवाद सांगणाऱ्या या मावशी. त्या कुणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या, म्हणून सगळ्यांच्या होत्या. निवृत्तीपर्यंत विमा कंपनीसाठी जळालेली दुकानं आणि बुडालेल्या होड्या तपासायच्या. कोणती आग लागलेली आणि कोणती लावलेली, हे सांगायच्या.

त्यांनी पायरीचे दोन तुकडे उचलले. तुटलेल्या टोकाचा अर्धा भाग चिरफाळलेला होता. उरलेला अर्धा सुरीनं लोणी कापावं तसा गुळगुळीत.

"ही मोडलेली नाही," मावशी म्हणाल्या. "ही कापून ठेवली होती."

२

"पोलिसांना बोलवू या," सर म्हणाले. "आणि उद्याचा प्रयोग रद्द. माझं डोकंच फिरलं होतं. या वयात तुम्हाला शिडीवर..."

"सर, वय माझं आहे, त्याचं काय करायचं ते मी बघते," घोषणाबाई म्हणाल्या. "पोलीस आले की हॉलला कुलूप लागेल. ज्यानं हे केलं त्याला तेच तर हवंय. मग मी त्याची हौस का पुरवू?" मग त्या मावशींकडे वळल्या. "उद्या पडदा वर जायच्या आत मला सांग, कोणी केलं. मारायला नकोय. कोणासमोर उभी राहून नाटक करायचंय, ते कळायला हवं."

हाडांच्या डॉक्टरांनी फ्रॅक्चर नाही म्हणून सांगितलं, करकचून पट्टी बांधली आणि चालायला बंदी केली. बाईंनी मान डोलावली. मान डोलावणं म्हणजे ऐकणं नव्हे, हे त्यांना ओळखणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं.

गावानं गुन्हेगार संध्याकाळीच ठरवून टाकला. घोषणाबाईंचा मुलगा सुतार होता. सतत कुणाला ना कुणाला तासत असतो म्हणून मंडळात त्याला सगळे 'रंधा' म्हणत. शिडी त्यानंच बनवली होती, सरांच्या हट्टाखातर तिला गुलाबी रंगही त्यानंच दिला होता, आणि आईच्या लग्नावरून भर हॉलमध्ये आरडाओरडाही त्यानंच केला होता.

सकाळी मावशी त्याच्या कारखान्यात पोचल्या तेव्हा तो एका कपाटाचं दार घासत होता. त्यानं मान वर केली नाही.

"विचारा. मीच कापली असं सगळे म्हणतायत ना?"

"म्हणतायत. तू काय म्हणतोस?"

"आईनं लग्न करू नये, असं मला वाटतं. तोंडावर सांगितलंय, चारचौघांत सांगितलंय. जो माणूस समोरून भांडतो त्याला मागून करवत चालवायची काय गरज?"

"तुझी सगळ्यात बारीक करवत दे."

त्यानं दिली. मावशींनी एका फळीच्या तुकड्यावर चीर पाडून घेतली. मग पिशवीतून पायरीचे तुकडे काढून ते चिरफाळलेल्या बाजूनं एकमेकांत नीट बसवले. दुसऱ्या बाजूला कापल्याची फट राहिली. रंध्याच्या चिरेत मावशींच्या चष्म्याची काडी सहज गेली. पायरीच्या फटीत शिवणाचा दोरासुद्धा अडत होता.

"हे माझं पातं नाही," रंधा म्हणाला. मग पहिल्यांदाच त्याचा आवाज नरमला. "मावशी, पण आई कशी पडली? ती तर खिडकीत असते. चढतो तो दात उपटणारा."

मावशींचा हात थांबला. परवा सकाळपर्यंत तसंच होतं. मग डॉक्टरांनी गुडघे धरून सांगितलं, माझ्यानं हे चढणं व्हायचं नाही. त्यावर घोषणाबाई म्हणाल्या होत्या, तुम्ही खालीच थांबा, मी उतरते. सरांना ते इतकं आवडलं की त्यांनी तिथल्या तिथे प्रवेश बदलला. त्या वेळी हॉलमध्ये चौघंच होती. सर, डॉक्टर, बाई आणि विंगेत त्या स्वतः.

"तुला कुणी सांगितलं नव्हतं?"

"घरी आम्ही मीठ दे, पाणी दे, एवढंच बोलतो सध्या."

मावशींनी तुकडे पुन्हा पिशवीत टाकले. ज्यानं पायरी कापली त्यालाही हा बदल माहीत नसेल, तर सगळं गाव चुकीच्या माणसाची कीव करत होतं. पायरी बाईंसाठी कापलेलीच नव्हती.

३

डॉक्टर पडावेत, असं कुणाला वाटत असेल?

पहिलं नाव टेलरमास्तरांचं. कितीतरी वर्षं मंडळाचा नायक म्हणजे टेलरमास्तर. यंदा त्यांना नायिकेच्या बापाची भूमिका मिळाली आणि नायक म्हणून जन्मात कधी तोंडाला रंग न लावलेले डॉक्टर आले. परवा सकाळी ते सरांशी वाद घालून तालीम सोडून गेले होते, प्रवेश बदलायच्या अगोदर.

टेलरमास्तर मशीनवर बसून बापाच्या कोटाला अस्तर लावत होते. टेबलावर खडूचे चपटे तुकडे पडले होते. त्यांतला एक गुलाबी होता.

मावशींनी पिशवीतून एक कागदाची पुडी काढली. कापलेल्या टोकाला चिकटलेला गुलाबी पदार्थ त्यांनी आदल्या दिवशी केसांच्या पिनेनं खरवडून घेतला होता. फट दिसू नये म्हणून कुणीतरी ती बुजवली होती. गुलाबी शिडीत गुलाबी बुजवण; म्हणूनच ती कुणाच्या नजरेला आली नव्हती.

मास्तरांनी पुडीकडे पाहिलं, आपल्या खडूकडे पाहिलं आणि मशीन थांबवलं.

"म्हणजे मी?"

"रागावून गेला होता तुम्ही."

"रागावलो होतो. अजून आहे. डॉक्टरला प्रेम करता येतं, पण प्रेमाचा संवाद म्हणता येत नाही. तोंड उघडा, आ करा, असं म्हटल्यासारखं म्हणतो." त्यांनी दोरा दातांनी तोडला. "पण पायाखालची पायरी कापून मिळालेली भूमिका मी केली असती, असं वाटतं तुम्हाला? लोक टाळ्या वाजवतात तेव्हा आपल्याला कशासाठी वाजवतायत हे आपल्याला माहीत असावं लागतं, मावशी. नाहीतर टाळ्या चावतात."

मावशी खडूचा तुकडा मागून घेऊन बाहेर पडल्या. माणसाच्या बोलण्यावर त्या भाळत नसत; बुडालेल्या होड्यांचे मालकही फार सुंदर बोलायचे. कोपऱ्यावरच्या हॉटेलात त्यांनी चहा मागवला, दुसऱ्या एका बशीत खडूची चिमूट आणि पुडीतला कण शेजारी शेजारी ठेवले आणि बशी गरम कपावर झाकण घातल्यासारखी टेकवली.

खडू तसाच राहिला.

दुसरा कण हळूहळू मऊ झाला, चकाकला आणि पसरला. ते मेण होतं.

मावशींची जीभ आपोआप आपल्या वरच्या कवळीवर फिरली. ही कवळी बनवताना दवाखान्यात असंच कोमट, गुलाबी मेण त्यांना चावायला दिलं होतं.

त्यांनी चहा तसाच ठेवला आणि उठल्या.

४

सुट्टीमुळे दवाखान्यात पेशंट नव्हते. डॉक्टर रिकाम्या खुर्चीच्या दिव्याखाली आपले संवाद पाठ करत होते.

मावशींनी पायरीचे तुकडे समोरच्या ताटलीत ठेवले, जिथे एरवी चिमटे असायचे. शेजारी पुडी ठेवली. डॉक्टरांनी मेण बोटावर घेतलं, चोळलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. एकदा त्यांची नजर मागच्या खोलीच्या बंद दाराकडे गेली आणि लगेच परत आली.

"माझ्याच कपाटातलं आहे," ते म्हणाले. "मी केलं हे."

"कशासाठी?"

"भीती वाटली. लग्नाची, लोकांची. नाटक बंद पडावं असं वाटलं. तुम्ही सगळ्यांना सांगा, मीच केलं."

मावशी पेशंटच्या खुर्चीत बसल्या.

"डॉक्टर, मास्तर म्हणतात ते खरं आहे, तुम्हाला संवाद म्हणता येत नाहीत. शिडीवरून बाई उतरणार, हे तुमच्या समोर ठरलं. तुमच्याच गुडघ्यांसाठी ठरलं. तुम्ही कापली असती तर ती त्यांच्या पायाखाली कापली असती. ज्या बाईसाठी तुम्ही सगळ्या गावाशी वैर घेतलंत, तिच्या?" त्यांनी मान हलवली. "नाही. ज्यानं कापली त्याला वाटत होतं, तुम्ही चढणार आहात. आणि तुम्हाला लागू नये, याची त्यानं काळजी घेतली होती."

"काळजी?"

"घातपात करणारा वरची पायरी कापतो. ही सगळ्यात खालची आहे. चढणारा माणूस पहिलं पाऊल टाकणार, पायरी मोडणार, पाय वीतभर खाली येणार. बस्स. थोडं हसू होईल, सर घाबरतील, नाटक गुंडाळतील. मी पुष्कळ आगी पाहिल्यात, डॉक्टर. स्वतःचं दुकान स्वतः जाळणारा माणूस आधी भिंतीवरचे फोटो काढून घरी नेतो. त्यावरूनच मी त्याला ओळखायची. या पायरीतसुद्धा कुणाची तरी माया आहे."

डॉक्टरांनी डोळे मिटले.

"तुमच्याकडे मेण आहे, पण तुम्हाला बदल माहीत होता. रंध्याला आणि मास्तरांना बदल माहीत नव्हता, पण त्यांच्याकडे मेण नाही आणि इतकं बारीक पातंही नाही. मग कवळ्या कापायची केसासारखी करवत कोण वापरतं? आणि काल बाई पडल्या तेव्हा सगळ्यांनी विचारलं, लागलं का. एकाच व्यक्तीनं विचारलं, तुम्ही कशा पडलात. तिच्या हिशेबानं दुसरंच कुणी पडायचं होतं."

मागच्या खोलीचं दार उघडलं. डॉक्टरांची लेक बाहेर आली. पांढऱ्या अॅप्रनवर गुलाबी डाग होते. ती याच खोलीत बसून कवळ्या बनवायची आणि सुट्ट्यांत मंडळाच्या लोकांची तोंडं रंगवायची.

"बाबा, उगाच माझ्या चुकीवर पांघरूण घालू नका," ती म्हणाली. "मी केलं."

५

तिनं रडून सांगितलं असतं तर ऐकणं सोपं गेलं असतं. ती कोरड्या आवाजात बोलत होती.

"आई गेल्यावर बाबा जेवताना बोलायचेच नाहीत. मी किती प्रयत्न केले. त्यांच्या आवडीचं करून बघितलं, चुटके सांगून बघितले. आणि मग या बाई आल्या आणि महिन्याभरात घरात शीळ ऐकू यायला लागली. मला आनंद व्हायला हवा होता ना? मला राग आला. मला जे जमलं नाही ते तिला कसं जमलं? वर पेशंट तोंडात कापूस असतानासुद्धा विचारणार, काय गं, नवी आई कधी येणार."

"म्हणून माझ्याशी बोलणं सोडलंस," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही प्रवेश बदलल्याचं घरी सांगितलं असतं तर..."

"सांगितलं होतं. जेवताना. तू रेडिओ मोठा केलास."

तिनं अॅप्रनवरचा एक गुलाबी डाग नखानं खरवडला.

"मला वाटलं, वीतभर उंचीवरून कोण पडतं," ती शेवटी म्हणाली.

"चढणारा पडत नाही," मावशी म्हणाल्या. "उतरणाऱ्याला खालचं दिसत नाही."

दुपारी तिघंही घोषणाबाईंच्या घरी गेली. बाई पाय उशीवर ठेवून पलंगावर बसल्या होत्या, रंधा पाणी गरम करत होता. लेकीनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. रंध्याच्या हातातलं पातेलं जोरात ओट्यावर आदळलं, पण आईनं हातानंच त्याला थांबवलं.

"हॉलमध्येही सगळ्यांसमोर सांगेन," लेक म्हणाली. "आणि रंधाभाऊ, तुमच्यावर आळ आला, त्याची आधी माफी."

डॉक्टर पुढे झाले. "मी विचार केलाय. मुलांना इतका त्रास होणार असेल, तर आपण थांबू या. नाटकही नको आणि..."

"आणि काय?" घोषणाबाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी लेकीकडे पाहिलं.

"वाक्य पुरं करा. मी तुमच्यासाठी शिडी उतरले. तुम्हाला लेकीसमोर एक वाक्य पुरं करता येत नाही?" त्यांचा आवाज चढला नव्हता, पण खोली भरून गेली. "मला तुमची दया नको, या पोरीची माफी नको आणि गावाची परवानगी तर नकोच. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, आता मुलासाठी जग. जगले. मुलगा मोठा झाला तेव्हा म्हणाले, आता देवाचं नाव घे. घेईन, सवडीनं. तुम्हाला लग्न नको असेल तर तसं सांगा, मी रडणार नाही. पण मुलांचं नाव पुढे करून माघार घ्यायची नाही."

डॉक्टर लेकीकडे वळले. घसा साफ केला.

"बाळ, मी यांच्याशी लग्न करणार आहे. तुला आवडलं नाही तरी करणार आहे. आणि तुझ्याशी रोज जेवताना बोलणार आहे, तू रेडिओ कितीही मोठा कर."

मावशी नंतर म्हणाल्या, त्या माणसाच्या तोंडून नीट म्हटलेला पहिला संवाद तो.

"आता प्रश्न एकच," घोषणाबाई म्हणाल्या. "मला उतरता येणार नाही. मग वर कोण चढणार?"

६

संध्याकाळी हॉल भरला. काही लोक नाटकाला आले होते, बरेचसे हसायला आले होते. पडदा उघडायच्या आधी डॉक्टरांच्या लेकीनं रंगमंचामागे सगळ्यांना जमवून काय केलं ते सांगितलं. सरांनी डोकं धरलं. टेलरमास्तरांनी बापाचा कोट चढवला आणि म्हणाले, "झालं ते झालं. आता माझी भुवई नीट काढ."

नायिका सगळा वेळ बसून होती. सरांनी दुपारभर बसून प्रवेश तसे फिरवले होते. पहिल्या अंकात मागच्या रांगांतून कुणीतरी आजी म्हणून हाक मारली आणि हशा पिकला. घोषणाबाईंनी हशा संपू दिला. मग त्या मागच्या रांगांकडे बघून, नाटकातलंच वाक्य म्हणावं तसं म्हणाल्या, "झालं? आता माझं ऐका." आणि पुढचा संवाद असा फेकला, की हाक मारणारा पुन्हा बोलला नाही.

शेवटच्या प्रवेशाआधी बाईंना देखाव्यामागून खुर्चीसकट उचलून वर खिडकीत बसवलं होतं. प्रवेश सुरू झाला आणि डॉक्टर शिडीशी आले. रंध्यानं दुपारीच नवी पायरी बसवली होती. तरी देखाव्यामागून, प्रेक्षकांना दिसणार नाहीत असे त्याचे दोन्ही हात शिडी घट्ट धरून होते. त्याचं मत बदललेलं नव्हतं. त्यानं ते शिडी धरता धरताही आईला सांगितलं होतं.

डॉक्टर चढू लागले. गुडघ्याचा आवाज पहिल्या रांगेत ऐकू गेला. कुणीतरी हसलं. ते थांबले, श्वास घेतला, पुन्हा चढले. मग कुणी हसलं नाही. खिडकीशी पोचेपर्यंत त्यांच्या कपाळावरचा रंग ओघळला होता. आता त्यांनी लांबलचक संवाद म्हणायचा होता. ते नुसते बघत राहिले. विंगेत मावशींनी पुस्तकावर बोट ठेवलं, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. ते विसरले नव्हते.

"मी सगळं ऐकत होतो," डॉक्टर म्हणाले. त्या लांबलचक संवादातलं एवढंच. खिडकीतून बाईंनी त्यांची कॉलर धरली आणि कपाळावर ओठ टेकले. हे नाटकात नव्हतं. सगळ्यात आधी टाळी वाजवली ती नायिकेच्या बापाच्या कोटातल्या टेलरमास्तरांनी.

प्रयोगानंतर रंगभूषेच्या खोलीत दोघीच उरल्या. डॉक्टरांची लेक कापसानं घोषणाबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग पुसत होती. पुसता पुसता ती म्हणाली, "मी तुम्हाला आई म्हणणार नाही."

"नकोच. एक जण म्हणतो, तेच मला जड जातंय."

"आणि माफ करा असंही पुन्हा म्हणणार नाही. दुपारी म्हणाला होतात, नको म्हणून."

"शहाणी आहेस. तो हनुवटीखालचा रंग राहिला बघ."

लेकीनं तो पुसला. आरशात बाईंचा खरा चेहरा दिसू लागला, डोळ्यांकडच्या रेघा, गालावरचा तीळ.

"उद्या दुसरा प्रयोग आहे," घोषणाबाई म्हणाल्या. "आज तू माझ्या सुरकुत्या बुजवल्यास. उद्या बुजवायच्या नाहीत. मागच्या रांगेपर्यंत दिसल्या पाहिजेत."

लेकीनं आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. मग ड्रॉवरमधून काळी पेन्सिल काढली आणि तिला टोक करायला बसली.